समुद्री प्राण्यांमधले नवे जिवाणू: ओळख, वर्गीकरण आणि नाव यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे प्रकल्प संपत आले की हे प्रश्न येऊ लागतात. कुणाच्या प्लेटवर पापलेटाच्या आतड्यातून काहीतरी उगवलेलं असतं, कुणाला तिसऱ्यांच्या कल्ल्यांत सापडलेलं असतं. बहुतेकांना मनातून एकच विचारायचं असतं: ‘हे नवीन आहे का हो?’ त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण जिवाणू स्वतः नवा किंवा जुना नसतो. आजवर नोंदलेल्या सगळ्यांशी ताडून पाहिल्यावरच तो नवा ठरतो. खालची बहुतेक उत्तरं ही ताडून पाहायची रीत सांगणारी आहेत. एकात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘जाती’ म्हणायचं की ‘प्रजाती’?

मराठी विश्वकोशात स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. वर्तमानपत्रं ‘नव्या प्रजातीचा शोध’ असा मथळा देतात आणि आत बातमी जातीची असते. इथे विश्वकोशाचंच चालवलं आहे. व्हिब्रिओ ही प्रजाती, व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस ही तिच्यातली एक जाती, आणि तुमच्या डीप फ्रीजरमध्ये ग्लिसरॉलच्या कुपीत पडून आहे ती स्ट्रेन. या तीन पायऱ्यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं. स्ट्रेन (जातीतला एक विशिष्ट वंश), कॉलनी (प्लेटवर उगवलेला जिवाणूंचा ठिपका), आयसोलेट (नमुन्यातून वेगळा वाढवलेला जिवाणू) हे शब्द लॅबमध्ये बोलतो तसेच ठेवले आहेत.

२. प्राणी ठणठणीत असेल तर त्याच्यात जिवाणू कशाला असतील?

कारण अनेकांचं त्यांच्यावाचून चालतच नाही. हवाई बेटांजवळचं एक बोटभर माकूल रात्री पोटाखालून उजेड पाडतं. तो उजेड अलीव्हिब्रिओ फिशेरी या जिवाणूचा. १९७७ मध्ये गालापागोसजवळच्या खोल समुद्रात उष्ण झऱ्यांपाशी रिफ्टिया हे नळीतले लांबलचक कृमी सापडले. प्रौढ रिफ्टियाला तोंड नाही आणि आतडंही नाही. त्याचं पोट भरतात ते अंगातले गंधकावर जगणारे जिवाणू, हे १९८१ मध्ये कॉलीन कॅव्हानॉ यांनी दाखवलं. लाकडी होड्या पोखरणारा शिपवर्म दिसायला किडा, पण खरा शिंपल्यांचा भाऊबंद. त्याच्या कल्ल्यांत टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी असतो. हा जिवाणू लाकडातलं सेल्युलोज फोडतो आणि शिवाय नायट्रोजनही स्थिर करतो.

त्यामुळे जिवाणू सापडला म्हणजे आजार, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. आजारी प्राण्याचं काय, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

३. प्लेटवर गडद नारिंगी कॉलनी आली आहे. अशी आमच्या सरांनीही पाहिलेली नाही. नवी जाती असेल का?

कॉलनीच्या रंगावरून जाती ठरवणं म्हणजे सदऱ्याच्या रंगावरून आडनाव ओळखणं. समुद्रातल्या फ्लॅव्होबॅक्टेरियांत पिवळ्या-नारिंगी रंगांची रेलचेल आहे, आणि माध्यम, उजेड किंवा कॉलनीचं वय बदललं की एकच स्ट्रेन वेगळी दिसते.

रंगाचं कौतुक बाजूला ठेवून आधी तीन कामं करा. एकेरी कॉलनी घेऊन निदान तीनदा स्ट्रीक मारा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवा), म्हणजे कल्चर शुद्ध होईल. ग्रॅम स्टेन (पेशीभित्तीचा प्रकार दाखवणारा रंग) करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. आणि लगेच, त्याच आठवड्यात, ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांत तीन-चार कुप्या ठेवा. हे तिसरं काम सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच पुढे ढकलतात. माझा स्वतःचा एक आयसोलेट असाच गेला. सिक्वेन्स (डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम) सुरेख आली, जवळच्या नातलगाशी जेमतेम ९६ टक्के जुळणारी, आणि ती हाती येईपर्यंत प्लेटवरचा जिवाणू मेलेला. ती सिक्वेन्स आजही माझ्याकडे आहे. जिवाणूच नसल्यामुळे तिचा उपयोग काही नाही.

४. जिवाणू प्राण्यातला आहे की आजूबाजूच्या पाण्यातला, हे कसं ठरवायचं?

हा प्रश्न फार थोडे विचारतात आणि परीक्षक हटकून विचारतो. तिसरी किंवा कालव दिवसभर पाणी गाळत असतं, स्पंज तर गाळणीच आहे. त्यांच्या अंगात मिळालेला प्रत्येक जिवाणू ‘त्यांचा’ नसतो, पुष्कळसे वाटसरू असतात.

निर्जंतुक समुद्री पाण्यानं प्राणी तीनदा धुवा आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही प्लेटवर टाका. त्याच जागेचं, त्याच वेळचं समुद्राचं पाणी वेगळं आणा. नंतर हवा तो अवयव कापून घ्या. अख्खा प्राणी मिक्सरमध्ये घातलात तर आतडं, कल्ले आणि कातडी यांचा काला होईल आणि कोण कुठला ते कधीच कळणार नाही. इतकं करून जो ऊतीत सापडतो पण धुण्यात आणि पाण्यात सापडत नाही, त्याच्याबद्दल थोडं धीटपणे लिहिता येतं. ठाम लिहायचं असेल तर फ्लुरोसंट प्रोब (त्याच जिवाणूला चिकटून चमकणारा तुकडा) लावून तो ऊतीच्या कापात बसलेला दाखवावा लागतो.

नव्या जातीच्या वर्णनासाठी मात्र एवढी सिद्धता लागत नाही. ‘अमुक प्राण्यातून वेगळा केला’ एवढं पुरतं. ‘अमुक प्राण्याचा सहजीवी’ लिहिलंत की पुरावा मागितला जाणारच.

५. न्यूट्रिएंट अगारवर काहीच येत नाही. नमुना मेला का?

बहुधा नमुना बरा आहे, माध्यम अळणी आहे. समुद्रातल्या बऱ्याच जिवाणूंना सोडियम लागतं आणि साध्या न्यूट्रिएंट अगारमध्ये ते नावापुरतं असतं. अमेरिकेतल्या क्लॉड झोबेल यांनी १९४० च्या सुमारास बांधून दिलेलं ‘२२१६’ माध्यम आजही सगळ्यांचं पहिलं माध्यम आहे. समुद्री पाणी, लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन, १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि चिमूटभर लोह, इतकाच त्याचा मसाला. बाजारात मरीन अगार २२१६ म्हणून मिळतं ते हेच.

त्यावरही पहिल्या दोन दिवसांत उगवतात ते धावपटू: व्हिब्रिओ, स्यूडोअल्टेरोमोनास. ते सगळी प्लेट व्यापतात आणि तुम्ही प्लेट टाकून देता. नवं काही हवं असेल तर पेप्टोन दहापट कमी करा, नमुना अधिक विरळ करा, प्लेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन-चार आठवडे थांबा. कोकणातल्या उथळ पाण्यातल्या प्राण्यासाठी २८ अंश ठीक. ३७ अंशांचा इन्क्युबेटर माणसाच्या जंतूंसाठी आहे, बांगड्याच्या नव्हे.

एवढं करूनही सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्यांतले मूठभरच प्लेटवर येतात. उरलेल्यांचं काय, ते प्रश्न १३ मध्ये.

६. सगळे १६एसच्या मागे का असतात?

प्रत्येक जिवाणूत रायबोसोम असतो आणि त्याचा एक भाग घडवणारा १६एस आरआरएनए जनुक साधारण १,५०० अक्षरांचा असतो. त्याचे काही तुकडे अब्जावधी वर्षांत जवळपास तसेच राहिले, काही बदलत गेले. न बदलणाऱ्या तुकड्यांवर प्रायमर (वाचन सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवायचे आणि बदलणाऱ्यांवरून नातं काढायचं. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी या रेणूवरूनच आर्किया हा जीवसृष्टीचा वेगळा फाटा दाखवला.

व्यवहारातली गोष्ट: एकाच प्रायमरनं वाचलेली ७००-८०० अक्षरं पुरत नाहीत. दोन्ही बाजूंनी वाचून, जोडून, जवळपास पूर्ण जनुक घ्या. अर्ध्या सिक्वेन्सवर ‘९६ टक्के’ आलेला आयसोलेट पूर्ण सिक्वेन्सवर ‘९९ टक्के’ होतो आणि पेढे वाटून झालेले असतात.

७. मर्यादा नेमकी किती? कुणी ९७ सांगतं, कुणी ९८.७.

१६एस किती टक्क्यांखाली जुळलं की जाती वेगळी, त्याचे हे आकडे. दोन्ही खरे, काळ वेगळा. १९९४ मध्ये स्टाकेब्रांट आणि ग्योबेल यांनी ९७ टक्के सुचवले. पुढे हाताशी अधिक माहिती आल्यावर २००६ मध्ये त्यांतल्याच स्टाकेब्रांट यांनी एबर्स यांच्याबरोबर मर्यादा ९८.७ ते ९९ पर्यंत वर नेली. २०१४ मध्ये जीनोमांशी (जिवाणूंच्या संपूर्ण डीएनएशी) ताळा करून निघालेला आकडा होता ९८.६५. हल्ली सगळे ९८.७ धरून चालतात.

या आकड्याचा अर्थ एकतर्फी आहे, हे मात्र नीट लक्षात ठेवा. ९८.७ च्या खाली आलात तर जाती वेगळी असण्याची दाट शक्यता. वर आलात तर काहीच ठरत नाही. एकच असेल किंवा वेगळीही असेल. तिथे प्रश्न ९ लागू होतो. नव्या प्रजातीसाठी ९४.५ टक्के हा आकडा सांगतात, पण तो आणखी सैल आहे. प्रजातीची सीमा अजूनही वंशवृक्षातली जागा आणि तज्ज्ञाची नजर मिळूनच ठरते.

८. ब्लास्टमध्ये पहिला निकाल ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’, ९९ टक्के. म्हणजे माझा जिवाणू आधीच सापडलेला आहे ना?

ब्लास्ट म्हणजे आपली सिक्वेन्स जगभरच्या नोंदींशी ताडून पाहणारं साधन. त्याच्या या निकालाचा अर्थ, ही सिक्वेन्स आधी कुणाला तरी मिळालेली आहे, एवढंच. नाव नसलेल्या सिक्वेन्सशी जुळलात म्हणून जाती जुनी होत नाही. उलट अनेक वर्षं नुसत्या सिक्वेन्सवरून माहीत असलेला जिवाणू तुम्ही प्लेटवर वाढवला असेल तर ती मोठीच गोष्ट. तुलना करायची ती टाइप स्ट्रेनशी (प्रश्न ११). ब्लास्टमध्ये ‘टाइप मटेरियल’पुरता शोध मर्यादित करता येतो, किंवा इझीबायोक्लाउड या संकेतस्थळावर सरळ टाइप स्ट्रेनचीच यादी मिळते.

उलटी चूकही होते. ब्लास्टमधल्या नोंदींना नावं देतात ती सिक्वेन्स टाकणारी माणसं. ‘व्हिब्रिओ हार्वेयी’ लिहिलेली नोंद खरोखर तीच असेल असं नाही.

९. १६एस ९९.६ टक्के जुळतं, तरीही जाती वेगळी असू शकते?

व्हिब्रिओत तर सर्रास. हार्वेयी, कॅम्पबेलाय, अल्जिनोलिटिकस, पॅराहिमोलिटिकस ही सगळी मंडळी १६एसवर एकमेकांना इतकी चिकटून आहेत की तो जनुक त्यांना वेगळं करूच शकत नाही. त्यातून एका व्हिब्रिओच्या जीनोममध्ये १६एसच्या दहाच्या आसपास प्रती असतात, आणि त्या सगळ्या तंतोतंत सारख्या असतात असंही नाही.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण बीबी१२० या स्ट्रेनचं. जिवाणू एकमेकांशी रासायनिक खुणांनी ‘बोलतात’, हे ज्या स्ट्रेनवर वर्षानुवर्षं अभ्यासलं गेलं, ती पाठ्यपुस्तकांत ‘व्हिब्रिओ हार्वेयी’ म्हणून बसली होती. २०१० मध्ये जीनोम ताडून पाहिला तर ती निघाली व्हिब्रिओ कॅम्पबेलाय. प्रयोग सगळे खरेच राहिले, दारावरची पाटी तेवढी चुकीची होती.

अशा वेळी जीनोम करायला पैसे नसतील तर गायरेज बी, रेक ए, पायर एच, आरपीओ ए असे चार-पाच जनुक वाचून एकत्र वंशवृक्ष काढा. हा मधला मार्ग आहे. नव्या जातीचा दावा करायचा असेल तर जीनोमला पर्याय नाही.

१०. जीनोम झाला. आता कुठला आकडा बघायचा?

दोन. पहिला एएनआय, म्हणजे दोन जीनोमांच्या जुळणाऱ्या तुकड्यांतलं सरासरी साम्य. जातीची सीमा ९५ ते ९६ टक्के. दुसरा डिजिटल डीडीएच. सीमा ७० टक्के. हा ७० चा आकडा १९८७ मधला आहे. तेव्हा दोन जिवाणूंचे डीएनए खरोखर वितळवून एकमेकांत मिसळत आणि किती जोड्या जुळतात ते मोजत. जर्मनीतल्या डीएसएमझेड या संस्थेच्या संकेतस्थळावर तीच गोष्ट आता संगणक करतो.

एएनआय ८८ आला तर वादच नाही. खरी पंचाईत ९५.३ सारख्या आकड्याची, म्हणजे ना अलीकडची ना पलीकडची. तिथे एकट्या आकड्यावर उड्या मारू नका. डीडीएच, वंशवृक्ष आणि गुणधर्म तिन्ही एकाच बाजूला झुकत असतील तरच पुढे जा. तिन्ही तीन दिशांना गेले तर मी दावा करणार नाही.

एक तपासणी कधीही चुकवू नका: जीनोममधून निघालेली १६एस आणि तुम्ही वेगळी वाचलेली १६एस जुळते का? जुळत नसेल तर नळी बदलली आहे किंवा कल्चर भेसळीचं आहे. हे शोधनिबंध पाठवण्याआधी कळलेलं बरं.

११. टाइप स्ट्रेन म्हणजे काय? आणि ती दोन देशांत का ठेवायची?

जातीचं नाव ज्या एका जिवंत स्ट्रेनला बांधलेलं असतं ती टाइप स्ट्रेन. ती त्या जातीतली सर्वोत्तम किंवा सगळ्यांत नमुनेदार असेल असं मुळीच नाही. ती फक्त खुंटी आहे. वर्गीकरण कितीही हललं तरी नाव त्या खुंटीलाच राहतं. उदाहरणार्थ, व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकसची खुंटी म्हणजे वायबी१, झांझिबारजवळच्या आजारी प्रवाळातून मिळालेली आणि २००३ मध्ये वर्णन झालेली. जगात कुणालाही ‘माझा जिवाणू तोच का’ हे पाहायचं असेल तर याच स्ट्रेनशी ताडावं लागतं.

म्हणूनच ती कुणालाही मिळायला हवी. २००१ पासून नियम असा की टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवलेली हवी आणि तिच्या वाटपावर बंधन नको. भारतात चंदीगडचा एमटीसीसी आणि पुण्याचा एमसीसी हे ओळखीचे संग्रह. बाहेर जर्मनीचा डीएसएमझेड, जपानचा जेसीएम, कोरियाचा केसीटीसी, बेल्जियमचा एलएमजी.

आपल्याकडे याला जैवविविधता कायदा, २००२ ची किनार आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जाती सापडली तर नियुक्त भांडारांना कळवून नमुना तिथे ठेवावा लागतो. आणि स्ट्रेन देशाबाहेर पाठवताना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे त्या वेळी लागू असलेले नियम पाहावे लागतात. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्त्याही झाल्या आहेत. ही कागदपत्रं जीनोमच्या आधी सुरू करा. शोधनिबंध तयार आणि संग्रहाचं प्रमाणपत्र नाही, अशी अवस्था झालेले बरेच जण मला भेटले आहेत.

१२. नाव कसं ठेवतात? आईचं किंवा गावाचं ठेवता येईल?

येईल. लॅटिन व्याकरणात बसायला हवं, आधी कुणी वापरलेलं नसावं आणि वर्णनात व्युत्पत्ती द्यायला हवी. गावाला ‘-एन्सिस’ लागतं, मालवणचं ‘मालवानेन्सिस’ होईल. टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी हे रूथ टर्नर या शिपवर्मच्या अभ्यासक बाईंवरून आलं, म्हणून बाईमाणसाचा प्रत्यय. एंडोझोइकोमोनास म्हणजे ढोबळपणे ‘प्राण्याच्या आत राहणारा एकपेशी’. तिची पहिली जाती एलिसिकोला, कारण ती जपानमध्ये एलिसिया या समुद्री गोगलगायीत सापडली. वर्णन २००७ चं. आज जगभरच्या प्रवाळांत हीच प्रजाती पुन्हा पुन्हा भेटते. स्वतःचं नाव स्वतःच देऊ नये, असा संकेत आहे.

‘शिवाजीएला’ नावाचा जिवाणू आहे हे खरं का, असंही बरेच जण विचारतात. खरं आहे. शिवाजीएला इंडिका, २०१२, समुद्राच्या पाण्यातून. फक्त ते नाव महाराजांवरून आलेलं नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत काम केलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. शिवाजी यांच्या सन्मानार्थ ते दिलं आहे. त्यांच्याच गटानं पुण्यातल्या संशोधकांबरोबर स्ट्रॅटोस्फिअरमधल्या हवेतून मिळालेल्या एका जिवाणूला इस्रोवरून ‘इस्रोनेन्सिस’ नाव दिलं होतं.

१३. जिवाणू डीएनएत दिसतो, पण वाढतच नाही. त्याला नाव देताच येणार नाही का?

देता येतं, पण दर्जा वेगळा. १९९० च्या दशकात यासाठी ‘कँडिडेटस’ ही सोय निघाली, म्हणजे उमेदवारच म्हणा. निवडून आलेला नाही, पण नाव यादीत आहे. रिफ्टियातला सहजीवी ‘कँडिडेटस एंडोरिफ्टिया पर्सेफोनी’ असाच. कॅरिबियन समुद्रातल्या एका ट्युनिकेटमधून (पाणी गाळून जगणाऱ्या, पिशवीसारख्या प्राण्यातून) ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरचं औषध मिळालं. ते मुळात घडवतो त्याच्या अंगातला असाच एक न वाढणारा उमेदवार.

या वर्गातला माझा सगळ्यांत लाडका प्राणी (प्राणी नव्हे, जिवाणू!) म्हणजे एप्युलोपिशियम. तांबड्या समुद्रातल्या सर्जनफिशच्या आतड्यात १९८५ मध्ये लांबट पेशी दिसल्या, काही थेट ६०० मायक्रॉनच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून मोठ्या. एवढा जिवाणू असूच शकत नाही म्हणून त्याला प्रोटिस्टांत (जिवाणूंहून गुंतागुंतीच्या एकपेशी जीवांत) बसवलं. १९९३ मध्ये १६एस वाचली तेव्हा तो जिवाणूच निघाला, नुसत्या डोळ्यांना दिसू शकणारा. प्लेटवर मात्र तो कधी वाढला नाही.

केवळ जीनोमलाच ‘टाइप’ माना, हा प्रस्ताव नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये नाकारला. त्यावर नाराज झालेल्यांनी २०२२ मध्ये ‘सीककोड’ ही स्वतंत्र नियमावली काढली, जिच्यात दर्जेदार जीनोम पुरतो. आज दोन्ही घरं शेजारी शेजारी नांदत आहेत. जिवाणू वाढत असेल तर माझं मत जुन्या घराच्या बाजूनं आहे: वाढवून संग्रहात ठेवा. न वाढणाऱ्यासाठी सीककोड ही चांगली सोय आहे.

१४. जीनोम आहे तर मग स्निग्धाम्लं, क्विनोन, साखरांच्या चाचण्या कशाला?

कारण जीनोम सांगतो काय करता येईल ते, आणि चाचणी सांगते काय करतो ते. किती मिठात वाढतो, किती तापमानाला थांबतो, ऑक्सिडेज आहे का, हे पुढच्या माणसाला लागतंच. क्विनोनवरून (पेशीच्या श्वसनात लागणाऱ्या रेणूवरून) घराणं लगेच कळतं: व्हिब्रिओंत मुख्य क्यू-८, फ्लॅव्होबॅक्टेरियांच्या कुलात एमके-६. जवळच्या टाइप स्ट्रेन मागवून त्याच दिवशी, त्याच माध्यमावर, शेजारी ठेवून चाचण्या करा. जुन्या निबंधातले आकडे उचलून केलेला तक्ता तुलनेच्या कामाचा नाही.

एपीआय पट्टीनं (जैवरासायनिक चाचण्यांच्या तयार पट्टीनं) ‘व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस, ९९ टक्के’ सांगितलं किंवा माल्डी-टॉफनं (प्रथिनांच्या वजनांवरून जिवाणू ओळखणाऱ्या यंत्रानं) एखादं नाव दिलं, तर तेही जपूनच घ्या. ही यंत्रणा मुख्यतः रुग्णालयातल्या जंतूंसाठी बनलेली आहे. यादीत नसलेला जिवाणू आला की ती यादीतला सर्वांत जवळचा दाखवते.

१५. आजारी प्राण्यात नवा जिवाणू सापडला. आजार त्याच्यामुळेच ना?

घाई नको. मरणाऱ्या प्राण्यावर हवशे-नवशे-गवशे सगळेच जमतात. २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामासे अक्षरशः विरघळून मरू लागले. २०१४ मध्ये एका विषाणूवर संशय गेला, पण पुढे तो टिकला नाही. अखेर २०२५ मध्ये संशोधकांनी तारामाशाच्या शरीरपोकळीतल्या द्रवातून एक व्हिब्रिओ वेगळा केला, तो शुद्ध स्वरूपात निरोगी तारामाशांत टोचला आणि आजार पुन्हा घडवून दाखवला. तेव्हा प्रकरण मिटलं.

यातला वर्गीकरणाचा धडा मजेशीर आहे. तो जिवाणू नवी जाती नव्हताच. ती निघाली व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, १९९८ मध्ये फ्रान्समधल्या स्कॅलप शिंपल्यांच्या पिल्लांतून वर्णन झालेली. त्याच्या सत्तावीस वर्षं आधी कुणीतरी टाइप स्ट्रेन नीट ठेवली होती, म्हणून हे नाव लावता आलं.

१६. नावं सारखी बदलतात. जुन्या निबंधातलं नाव चूक धरायचं का?

चूक नाही, जुनं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॅमसेल माशाच्या जखमांतून मिळालेला जिवाणू व्हिब्रिओ डॅमसेला होता. तो मध्ये लिस्टोनेलात गेला, १९९१ मध्ये फोटोबॅक्टेरियममध्ये आला, मग व्याकरणासाठी ‘डॅमसेली’ झाला. आणि १९९५ मध्ये कळलं की पाश्चुरेला पिसिसिडा म्हणून वेगळाच समजला जाणारा मत्स्यरोगकारक हा त्याच जातीची उपजाती आहे. वरच्या पायऱ्याही हलतात: प्रोटिओबॅक्टेरिया संघाचं नाव २०२१ मध्ये स्यूडोमोनाडोटा झालं. आजचं नाव एलपीएसएन या जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीत पाहा आणि लिहिताना एकदा जुनंही सांगा.

१७. आमचा निबंध दुसऱ्या चांगल्या नियतकालिकात छापून आला. नाव वैध झालं ना?

अजून नाही. नाव वैध होतं ते आयजेएसईएम या जिवाणू-वर्गीकरणाच्या नियतकालिकात वर्णन छापून आलं तर, किंवा इतरत्र छापलेलं नाव त्याच नियतकालिकाच्या वैधता यादीत आलं तर. त्यासाठी छापील निबंध आणि दोन्ही संग्रहांची प्रमाणपत्रं तुम्हीच पाठवायची असतात, आपोआप काही होत नाही. जुन्या गोंधळातून सुटायला १ जानेवारी १९८० ला मान्य नावांची यादी काढून पाटी कोरी केली होती. त्या यादीत किंवा त्यानंतरच्या वैध नावांत नसलेलं नाव मोकळं धरलं जातं, म्हणजे दुसरा कुणी ते वापरू शकतो.

१८. मालवणला डायव्हिंग करताना प्रवाळाचा तुकडा आणला तर चालेल?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. तुटून पडलेला तुकडाही परवानगीशिवाय उचलू नका. बंदरावर विकायला आलेल्या कोळंबीत, माकुलात, तिसऱ्यांत अजून इतकं अनभ्यस्त पडून आहे की प्रवाळावाचून अडत नाही.

१९. मग तिसऱ्या-कालवं खायची की नाही?

खायची, शिजवून. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसची ओळखच जेवणातून झाली. १९५० मध्ये जपानमधल्या ओसाकात शिरासू, म्हणजे अर्धवट सुकवलेले बारीक मासे, खाऊन २७२ जण आजारी पडले, २० दगावले. नीट उकळी आली की हा जिवाणू टिकत नाही. कच्ची कालवं आणि हाताला उघडी जखम असताना मासे साफ करणं, ही दोन टाळा.

२०. एकाच तिसरीतून आठ सारखे आयसोलेट मिळाले. वर्णनात ‘आठ स्ट्रेन’ लिहू का?

बहुधा ते एकाच पेशीचे आठ वंशज आहेत. बॉक्स-पीसीआर (डीएनएचा ठसा काढायची रीत) करून पट्ट्यांचा नमुना पाहा. आठही सारखे असतील तर स्ट्रेन एक, आणि तसंच लिहा. एकाच स्ट्रेनवर जातीचं वर्णन करता येतं, बहुतेक वर्णनं तशीच असतात. पण मग जातीच्या आतला फरक किती हे कुणालाच कळत नाही, आणि परीक्षक त्यावर बोट ठेवतो. पट्ट्या वेगळ्या आल्या तर दोन-तीन स्ट्रेनचे जीनोम करा आणि आपापसातला एएनआय द्या. नाहीच आल्या तर पुढच्या ओहोटीला दुसऱ्या खाडीतल्या तिसऱ्या आणा.